आसनांचे पाठभेद : जुन्या मोटारींतील मूळ आणि प्रतिकृती

काही शब्द आपल्या वस्तूपेक्षा दीर्घायुषी ठरतात. ‘रेक्झिन’ हा त्यांतलाच एक. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावी याच नावाची कंपनी एक नकली चामडे बनवत असे. कापडावर नायट्रोसेल्युलोज, कापराचे तेल, अल्कोहोल आणि रंग यांच्या मिश्रणाचे थर चढवायचे आणि वर चामड्याचा पोत उठवायचा, अशी त्याची रीत. पुस्तकांच्या बांधणीपासून आगगाडीच्या डब्यांपर्यंत आणि मोटारींच्या अंतर्भागापर्यंत ते पोचले. पुढे पीव्हीसीचा लेप दिलेले कापड आले आणि जुने मिश्रण मागे पडले. आपल्याकडे नाव मात्र टिकले. आज कुशनवाल्याच्या दुकानात ‘रेक्झिन दाखवा’ म्हटले की पुढे येतो तो पीव्हीसीचा गठ्ठा. जी वस्तू मुळातच चामड्याची नक्कल होती, तिच्या नकलेने आता मूळचे नाव धारण केले आहे.

जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धारात आसनांचा प्रश्न नेमका याच गुंत्यात अडकतो. मूळ कशाला म्हणायचे, प्रतिकृती कशाला म्हणायचे, आणि दोहोंत निवड करायची वेळ आली तर कोणत्या कसोटीवर? प्रश्न मोटारींच्या हौशी मंडळींचा वाटेल. पण मूळ संहिता आणि तिच्या नकला यांच्याशी ज्याचा परिचय आहे, त्या वाचकाला तो परका वाटू नये.

सीटच का?

इंजिनावर क्रमांक असतो, चॅसीवर असतो. गाडीची ओळख पटवायची तर जाणकार आधी ते क्रमांक पाहतात. सीटला असा जन्मदाखला सहसा नसतो. कायद्याचेही तिच्याकडे लक्ष नाही. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात सांभाळलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळण्याची सोय त्यांत आहे. ‘मूळ रूप’ ठरवताना तिथे चॅसी, बॉडी आणि इंजिन यांतील मोठ्या फेरबदलांचा उल्लेख होतो, सीटचा नाही.

खरे तर माणसाचा सर्वांत जास्त काळ स्पर्श होतो तो सीटलाच. आत-बाहेर करताना चालकाच्या बाजूची कड घासते, बसून बसून मधला भाग दबतो, खिडकीकडचा रंग उन्हाने उडतो. गाडी कोणी, किती आणि कशी वापरली याची नोंद इथे आपोआप होत जाते. आणि ज्या झिजेमुळे ही नोंद होते, त्याच झिजेमुळे सीट सर्वांत आधी उसवली आणि बदलली जाते. गाडीतला हा सर्वांत बोलका पुरावा सर्वांत सहज टाकून दिला जातो.

‘ओरिजिनल’चे चार अर्थ

सुट्या भागांच्या बाजारात ‘ओरिजिनल’ हा एकच शब्द निदान चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली, त्याच गाडीबरोबर कारखान्यातून आलेली सीट. दुसरी, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या, भंगारात निघालेल्या गाडीची सीट. तिसरी, त्या काळी सुटा भाग म्हणून तयार झालेली आणि कोठारात न वापरता पडून राहिलेली सीट किंवा तिचे कव्हर. चौथी, मूळ कंपनीच्या संमतीने आणि कधी जुन्याच साच्यांवर आज नव्याने बनवलेली वस्तू. या चौथ्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण सीटचे नव्हे तर बॉडीचे आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने 1988 मध्ये एमजीबी या गाडीची बॉडी जुन्या साच्यांवर पुन्हा घडवायला घेतली. मूळ गाडीचे उत्पादन 1980 मध्येच थांबले होते. ही बॉडी मूळ की प्रतिकृती? साचा तोच, पत्रा नवा.

या चारांच्या पलीकडे खरी प्रतिकृती येते : जुना नमुना समोर ठेवून दुसऱ्याच कोणी बनवलेला भाग. तिच्यातही प्रती आहेत. काही इतक्या काटेकोर असतात की शिवणीतले टाके मोजावे लागतात, काही लांबूनच ओळखू येतात.

तिसऱ्या प्रकाराबद्दल एक सावधगिरी हवी. न वापरलेले म्हणजे न म्हातारे झालेले, असे नव्हे. रबर आणि फोम हवेतल्या ऑक्सिजनने फळीवर पडल्या पडल्याही कडक होऊन भुरभुरतात. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये हळूहळू बाहेर येतात आणि कापड ठिसूळ होते. नव्या गाडीच्या वासात आणि काचेवर आतून धरणाऱ्या चिकट धुक्यात या द्रव्यांचाही वाटा असतो. पेटीतून पहिल्यांदा बाहेर काढलेले चाळीस वर्षांपूर्वीचे कव्हर ताणून बसवताना चिरले, तर त्यात नवल नाही.

थराथरांचा हिशेब

‘मूळ ठेवू की नवी घालू?’ हा प्रश्न पूर्ण सीटबद्दल विचारला की उत्तर चुकते, कारण सीट ही एक वस्तू नाही. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर स्प्रिंगा किंवा रबरी पट्टे, वर गोणपाट, मग काथ्या, कापूस किंवा फोम, आणि सर्वांत वर कव्हर. प्रत्येक थराचे आयुष्य वेगळे असते, म्हणून निर्णयही वेगळा हवा.

सांगाडा आणि स्प्रिंगा शक्यतो मूळच ठेवाव्यात. गंज खरवडून, तडकलेला जोड वेल्डिंगने सांधून त्या पुन्हा उभ्या राहतात. नव्या सांगाड्यात काही मिलिमीटरचा फरक असला तरी रुळांची भोके जुळत नाहीत आणि कव्हर तिरके बसते. फक्त पाठ मागे-पुढे करणारी खीळ झिजली असेल, तर तिथे जुन्याचे प्रेम दाखवू नये. धावत्या गाडीत पाठ निसटणे जिवावर बेतू शकते.

भरावाची गोष्ट उलट आहे. 1929च्या सुमारास डनलॉप कंपनीच्या बर्मिंगहॅममधील प्रयोगशाळेत रबराचा चीक फेटून फेसाळ रबर बनवण्याची युक्ती सापडली आणि पुढे अनेक मोटारींच्या सीटमध्ये ते गेले. आज त्याचा पिवळा भुगा होऊन सीटखाली सांडलेला आढळतो. तो वाचवता येत नाही. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलमध्ये रबराने बांधलेल्या काथ्याच्या गाद्या असत. जुन्या बीटलचे दार उघडताच येणाऱ्या ओळखीच्या वासात या गाद्यांचाही भाग आहे. कोकणातल्या माणसाला सांगायला हवे की तो काथ्या नारळाचाच. अशा गाद्या आजही नव्याने बनतात आणि तिथे प्रतिकृती हीच मुळाशी अधिक प्रामाणिक ठरते. काथ्याच्या जागी पॉलियुरेथेन फोम घातला तर सीट वरून तशीच दिसेल, पण बसल्यावर तशी वाटणार नाही.

फोमच्या बाबतीत आपल्या बाजारात एक गैरसमज पक्का आहे. गिऱ्हाईक ‘चाळीसची डेन्सिटी द्या’ म्हणते आणि फोम टणक मिळेल असे समजते. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमधले वजन. ती फोम किती टिकेल हे बऱ्याच अंशी सांगते. तो किती दबेल हे वेगळे माप आहे. एकाच डेन्सिटीचा फोम मऊही असतो आणि कडकही. जुन्या सीटमध्ये दबण्याचे बरेचसे काम स्प्रिंगा करत. त्यांच्यावर कडक फोमची जाड लादी ठेवली की बैठक उंचावते, डोके छताजवळ जाते, चालकाच्या मांड्या स्टिअरिंगला लागतात आणि शिवणीवर ताण येतो.

कव्हर : जिथे खरा वाद आहे

डोळ्यांना दिसते ते कव्हर, आणि किंमत ठरते तीही बरीचशी त्याच्यावरून. इथे प्रतिकृती फसते ती बहुधा जास्त चांगली होण्याच्या नादात. 1960च्या दशकातल्या एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांत ‘चामड्याची सीट’ म्हणजे अंगाला टेकणारा भागच चामड्याचा; बाजू आणि पाठीमागचा भाग नकली चामड्याचा. काटकसरीची ती पद्धत होती. आज हौसेने पूर्ण सीट चामड्याने मढवली जाते. पाहणारा खूश होतो, पण गाडी जशी कधीच नव्हती तशी ती आता झालेली असते.

शिवणीचेही तसेच. त्या काळच्या अनेक व्हिनाइल सीटवरच्या उभ्या रेघा शिवलेल्या नसून साच्याखाली दाबून, उच्च कंप्रतेच्या विद्युतलहरींनी वितळवून उठवलेल्या असत. हा साचा हाताशी नसलेला कुशनवाला तिथे सुईने शिवण घालतो. काम देखणे होते, मजबूतही. पण जिथे भोके नव्हती तिथे आता भोकांची रांग असते. पोताची अडचण आणखी मोठी. व्हिनाइलवरचा दाणा कोरीव रुळाने उठवतात. रूळ मोडीत गेला की तो दाणाही गेला.

चामड्याच्या बाबतीतही पुरवठ्याची साखळी तुटली आहे. 1878 मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली कॉनली ही कंपनी रोल्स-रॉइस आणि जग्वारसह कित्येक ब्रिटिश मोटारींना चामडे पुरवत असे. तो कारखानदारीचा व्यवसाय 2002 मध्ये बंद पडला. म्हणून जुने चामडे फाटलेले नसेल, नुसते कोरडे आणि फिके पडले असेल, तर ते स्वच्छ करून, मऊ करून, रंगाचा हात देऊन राखणे हाच पहिला विचार असावा.

आणि उसवलेली शिवण पुन्हा घालायची तर दोरा जपून निवडावा. नायलॉनचा पक्का दोरा जुन्या चामड्यावर ताण आला की स्वतः तुटत नाही, तो जुन्या भोकांच्या रेषेवर चामडे फाडतो, पोस्टाच्या तिकिटासारखे. दुरुस्तीचा दोरा मुळापेक्षा किंचित कमजोर असलेला बरा. पुढच्या वेळी तुटायचे तर त्याने तुटावे. गडकोटांच्या डागडुजीत चुन्याऐवजी सिमेंट वापरल्याने जुना दगडच झिजतो, त्यातलाच हा प्रकार.

पद्मिनीचे काय करायचे?

मुंबईकरांसाठी हा प्रश्न प्रीमियर पद्मिनीच्या रूपाने दारात उभा आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100च्या वंशातली ही गाडी तयार झाली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ते रूपच ठरून गेले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली, आणि 20 वर्षांच्या वयोमर्यादेमुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून त्या शहराच्या रस्त्यावरून गेल्या. उरलेल्या पद्मिनी आता हौशी लोकांकडे जात आहेत.

समजा अशी एखादी टॅक्सी जीर्णोद्धाराला आली. सीट उसवली तर खाली कारखान्याचे साधे कव्हर, त्यावर कधीतरी चढवलेले जाड रेक्झिन, त्यावर मालकाच्या आवडीचे फुलाफुलांचे कापड. 2015च्या सुमारास मुंबईत काही टॅक्सींच्या सीटवर आणि छतावर तरुण चित्रकारांनी रेखाटलेली कापडेही चढली होती. यातले मूळ कोणते? कारखान्याच्या दृष्टीने सर्वांत खालचे. पण ही गाडी कारखान्यात काही दिवस होती आणि रस्त्यावर अनेक वर्षे. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने स्वीकारलेली तुरीनची सनदही असे मानते की वापराच्या काळात झालेले बदल हा वाहनाच्या इतिहासाचाच भाग असतो. फुलाफुलांचे कापड काढून ‘जशी कारखान्यातून आली तशी’ सीट करणे, म्हणजे टॅक्सीमधून टॅक्सी वजा करणे होय.

नागमोडी रेघ

इथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताची आठवण होते. 1919 मध्ये आरंभलेली ही चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण झाली. तिची पद्धत घालून देणाऱ्या विष्णु सीताराम सुखठणकरांसमोर प्रश्न होता तो असाच : थरावर थर चढलेल्या संहितेचे करायचे काय? त्यांनी उपलब्ध पुराव्यावरून एक पाठ निश्चित केला. पण जिथे खात्री कमी होती, तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ दिली. नाकारलेले पाठभेद तळटीपांत छापले, लांबलचक प्रक्षेप परिशिष्टांत ठेवले. काहीही फेकले नाही, आणि कुठे संपादकाचा हात लागला हे लपवले नाही.

वास्तूंच्या जतनासाठी 1964 मध्ये झालेल्या व्हेनिसच्या सनदेचा आग्रह हाच आहे : नवा भाग एकूण रूपाशी जुळावा, पण मुळापासून वेगळा ओळखताही यावा. तुरीनच्या सनदेनेही मोटारींच्या नव्या भागांवर न खुपणारी, पण टिकाऊ खूण असावी असे सुचवले आहे.

सीटच्या बाबतीत ही नागमोडी रेघ काढणे फार सोपे आहे. उसवण्याआधी प्रत्येक थराची छायाचित्रे घ्यावीत. टाक्यांमधले अंतर, पायपिंगची जाडी आणि रेघांची संख्या लिहून ठेवावी. जुन्या कव्हरचा उन्हापासून वाचलेला एक तुकडा कापडी पिशवीत घालून जपावा; खरा रंग तिथेच सापडतो. नव्या कव्हरच्या आतल्या बाजूला वर्ष, कारागिराचे नाव आणि काय काय बदलले हे न पुसणाऱ्या शाईने लिहावे. गाडी विकताना ही टिपणे कागदपत्रांबरोबर पुढच्या मालकाला द्यावीत.

एवढे केले तर प्रतिकृती वापरण्यात कसलाही कमीपणा नाही. भुगा झालेल्या फोमवर कोणी बसावे असा आग्रह धरता येत नाही, आणि गाडी चालली नाही तर ती जपण्यातली अर्धी मौज संपते. खोटेपणा असतो तो नव्याला जुने म्हणून खपवण्यात आणि जुने पुसून टाकण्यात. कुशनवाल्याचे नावही त्यामुळे कुठेतरी राहील. आज तो सीटच्या कोपऱ्यात आपल्या दुकानाची छोटी पट्टी शिवतो, आणि जीर्णोद्धार करणारा तीच पट्टी आधी काढून टाकतो. ती राहू द्यावी.