विश्लेषण : ‘माउंटन बायकिंग’साठी डोंगरच हवा का? वाई-मेणवली-धोमच्या पाणंदींवर काय शक्य आहे?

माउंटन बायकिंग म्हटले की कड्यावरून उड्या मारणारे, हेल्मेटवर कॅमेरा लावलेले सायकलस्वार डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात या सायकली सौम्य चढ-उतारांच्या ग्रामीण वाटांवरही चालतात. महाराष्ट्रात अशा वाटांची कमतरता नाही. कृष्णाकाठचा वाई परिसर हे त्याचे चांगले उदाहरण. नदीचे घाट, जुने वाडे, उसाची आणि हळदीची शेते आणि त्यांना जोडणाऱ्या पाणंदी असे सारे तिथे २० ते २५ किलोमीटरच्या टप्प्यात सापडते. मात्र ही पाणंद कोणाची, तिथे सायकल नेण्याचा हक्क कोणाला आणि ती टिकणार का, हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत.

माउंटन बाइक आली कुठून?

१९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन माउंट टॅमलपाइसच्या मातीच्या रस्त्यांवरून उतरत असत. १९७६ मध्ये तिथे ‘रिपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की त्यातील ग्रीस जळून जाई आणि ते प्रत्येक फेरीनंतर नव्याने भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची यांनी पुढे अशा वापरासाठी खास सायकली बांधल्या. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये क्रॉस कंट्री प्रकाराचा समावेश झाला.

सपाट वाटेवर तिचा उपयोग काय?

साध्या गणिताने हे समजते. स्वार आणि सायकल मिळून वजन ९५ किलो धरू. टायरमधला दाब ९० पीएसआय असेल तर जमिनीला टेकणारा भाग दोन्ही चाकांचा मिळून साधारण सव्वादोन चौरस इंच असतो. दाब ३० पीएसआयवर आणला की तो सुमारे सात चौरस इंच होतो. म्हणजे पकड वाढते, सुटी खडी आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या यांचे धक्के टायरच पचवतो. अर्थात अरुंद टायरमध्ये इतका कमी दाब चालत नाही, रिमला मार बसतो. म्हणून दोन इंच किंवा त्याहून रुंद टायर लागतात.

पाणंदीसाठी पुढे सस्पेन्शन आणि मागे ताठ चौकट असलेली सायकल पुरेशी ठरते. तिला ‘हार्डटेल’ म्हणतात. दोन्ही बाजूंनी सस्पेन्शन असलेली महाग सायकल इथे वजनच वाढवते. सस्पेन्शनपेक्षा महत्त्वाचे आहेत चांगले डिस्क ब्रेक आणि खालचा सोपा गिअर.

वाईचाच परिसर का?

उत्तर चढाच्या टक्केवारीत आहे. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट साधारण १२ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून अधिक चढतो. तेच वाईहून नदीच्या वरच्या अंगाला, धोमच्या दिशेने गेले तर चढ-उतार सौम्य राहतात. ९५ किलो वजन ताशी ८ किलोमीटर वेगाने आठ टक्के चढावर न्यायला केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी सुमारे १६५ वॅट लागतात. दोन टक्क्यांच्या चढावर त्याच वेगाला सुमारे ४० वॅट पुरतात. नियमित व्यायाम नसलेल्या माणसासाठी हा फरक धापा टाकणे आणि गप्पा मारत जाणे यांतला आहे.

जुन्या गाडीवाटा सौम्य असण्यामागेही हेच कारण आहे. भरलेली गाडी बैलांना ओढता यावी आणि उतारावर ती त्यांच्या अंगावर येऊ नये, अशी वाट निवडली जाई. बैलाला झेपणारा चढ सायकललाही झेपतो.

वाटेत काय पाहायला मिळते?

सुरुवात वाईच्या गणपती घाटावरून करता येते. येथील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. वाई हे मराठी विश्वकोशाचेही गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाचे काम येथूनच उभे राहिले.

तीनेक किलोमीटरवर मेणवली लागते. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट ही या गावाची ओळख. घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे मंदिर आहे. येथील मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची असून १७३९च्या वसई मोहिमेनंतर मराठ्यांच्या हाती आलेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते. ‘स्वदेस’ चित्रपटाचे चित्रीकरण याच घाटावर झाले होते. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे विचारूनच आत जावे.

पुढे धोम. येथील मंदिरात कासवाच्या पाठीवर बसलेला दगडी नंदी आहे आणि त्याभोवती कमळाच्या आकाराचे कुंड आहे. गावाच्या वरच्या बाजूला कृष्णेवरील धोम धरण आहे. क्षितिजावर पांडवगड, वैराटगड, कमळगड यांची सोबत असते. परतताना वेळ असेल तर पसरणीकडे वळता येते. ते शाहीर साबळे यांचे गाव. बावधनची बगाड यात्रा रंगपंचमीला भरते, त्या दिवशी मात्र या भागात सायकल न आणलेली बरी.

पाणंद म्हणजे कायद्याने काय?

शेतांच्या मधून जाणारी, दोन्ही बाजूंना बांध किंवा कुंपण असलेली वाट म्हणजे पाणंद. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता. मूळ गाव नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने, तर पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. नकाशावर अशी रेषा असेल, तर तो रस्ता सार्वजनिक वापराचा समजला जातो.

दुसरा प्रकार शेतकऱ्याच्या हक्काच्या वाटेचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार शेतात जायला रस्ता नसेल तर तहसीलदार शेजारच्या बांधावरून वाट देऊ शकतात. ही वाट त्या शेतकऱ्याच्या वहिवाटीसाठी असते, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासाठी नाही. सायकलस्वाराला हा फरक जमिनीवर दिसत नाही. दोन्ही वाटा सारख्याच मातीच्या, सारख्याच अरुंद. म्हणूनच बांधावरून वाट जाते असे दिसले की शेतातल्या माणसाला विचारणे हा एकच खात्रीचा उपाय आहे. गडांच्या उतारांवरच्या वनजमिनीसाठी वन विभागाचे नियम वेगळे आहेत.

इंग्लंडमध्ये ही अडचण कायद्यानेच सोडवली. १९६८च्या ‘कंट्रीसाइड अ‍ॅक्ट’ने इंग्लंड आणि वेल्समधील घोडेवाटांवर सायकल चालवण्यास मुभा दिली. अट एकच, पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. विंचेस्टर ते ईस्टबोर्न ही १६० किलोमीटरची ‘साउथ डाउन्स वे’ आज सायकलस्वारांच्या आवडीची वाट आहे, ती याच तरतुदीच्या आधारावर. आपल्याकडे सायकलस्वारासाठी अशी स्वतंत्र तरतूद नाही.

पाणंदी टिकणार का?

खरी चिंता इथे आहे. वापर थांबला की दोन्ही बाजूंचे बांध दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने आत सरकतात. काही वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते आणि पायवाटेचे शेत. याची पहिली झळ बसते ती शेतकऱ्याला. ऊस तोडून ठेवला, पण ट्रॅक्टर आत येत नाही, अशी अवस्था होते. असलेला रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. २०२५ मध्ये शेतरस्त्यांची किमान रुंदी तीन ते चार मीटर ठेवण्याचा आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ सदरात घेण्याचा निर्णय झाला.

रस्ता पक्का झाला तर माउंटन बायकिंगची मजा कमी होईल, अशी तक्रार सायकलस्वार करू शकतात. पण ती वाट मुळात शेतमालासाठी आहे. तिची नोंद झाली आणि ती खुली राहिली, तर सायकललाही जागा उरते. अतिक्रमणात ती गेली, तर दोघांचीही वाट बंद होते. वाड्या-घाटांपर्यंत सायकलने येणारा पाहुणा गावात चहा पितो, जेवतो, पंक्चर काढून घेतो. वाट खुली ठेवण्यात गावालाही काही मिळते, असे चित्र त्यातून तयार होऊ शकते. पिकात घुसलेल्या दोन चाकांनी ते तितक्याच लवकर बिघडूही शकते.

जाण्याआधी काय लक्षात ठेवावे?

काळ : पावसाळ्यात काळी माती चाकाला आणि ब्रेकला चिकटून सायकल जागची हलत नाही, शिवाय ओल्या पाणंदीत पडलेले खोल चर वाळल्यावर बैलगाड्यांना त्रास देतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. याच काळात साखर कारखान्यांचे गाळप सुरू असते. त्यामुळे उसाने भरलेल्या ट्रॉलीला वळणावर ओलांडू नये आणि अंधार पडण्याआधी डांबरी रस्ता सोडावा.

सामान : बाभळीचा काटा टायरमधून सहज आत जातो. दोन जादा ट्यूब, टायर लिव्हर, पंप, दोन लिटर पाणी आणि हेल्मेट हवेच.

जनावरे : गुरांच्या मागून घंटी वाजवू नये, ती बुजतात. थांबून गुराख्याला हाक द्यावी. कुत्रे अंगावर आले तर उतरून सायकल मध्ये धरावी.

घाट : दगडी पायऱ्यांवरून सायकल उतरवण्याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर चांगले चालतात. पण मेणवली आणि वाईचे घाट ही पूजेची, धुण्याची, रोजच्या वापराची जागा आहे. पाण्याजवळच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्याही असतात. तिथे सायकल वरच लावून पायी उतरावे.

नकाशा : मोबाइलवरच्या नकाशात पाणंद दिसली म्हणजे ती खुली आहे असे नाही. सरकारच्या ‘महाभूनकाशा’ संकेतस्थळावर गटांच्या हद्दी पाहता येतात. मूळ गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. आणि शंका आलीच, तर बांधावर बसलेल्या आजोबांना विचारावे, “ही वाट कुठे निघते?” वाट खुली असेल तर ते पुढचा रस्ता सांगतील आणि नसेल तर कुठून वळायचे तेही.