दूधधंदा, प्रेम आणि ‘बबन’

नगर जिल्ह्यातले दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’ या पहिल्या चित्रपटासाठी स्वतःची जमीन विकली. ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. चित्रीकरणस्थळीच केलेल्या ध्वनिमुद्रणाचाही गौरव झाला, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. नगरकडची बोली स्टुडिओत पुन्हा बोलून घेतली की तिचा हेल हरवतो.

२०१८मध्ये त्यांचा ‘बबन’ आला. भाऊसाहेब शिंदेंचा बबन दूधधंद्यात पाय रोवू पाहतो. गायत्री जाधवच्या कोमलवर त्याचा जीव जडलेला. पण धंद्यातली चुरस आणि गावचं राजकारण त्या दोघांना सुखानं जगू देत नाहीत. चित्रपटातलं ‘साज ह्यो तुझा’ हे गाणं गावोगावी वाजलं.