आल्फोरचे पशुवैद्यक संग्रहालय

महसुली दप्तरात जमीन नोंदली जाते, पीक नोंदले जाते व गुरांची गणतीही असते. परंतु गुरे कशाने मेली हे सांगणारा रकाना आम्हांस आमच्या सबंध नोकरीत कोठे आढळला नाही. एकदा जुने गठ्ठे लावीत असता एकाच गावच्या लागोपाठच्या दोन गणत्या समोर आल्या. पहिलीपेक्षा दुसरीत बैल जवळजवळ निम्मे. उतरवून घेणाऱ्याची चूक असावी असे आम्हांस वाटले. दाराशी बसलेला म्हातारा कोतवाल म्हणाला, "भाऊसाहेब, चूक नाही. बुळकांडी आली होती."

त्या शब्दाची आठवण आम्हांस फार दूर, पॅरिस शहराच्या वेशीवर झाली. गेल्या वर्षी आमच्या भाचीकडे तिकडे जाण्याचा योग आला. लोकांनी पाहण्यासारखी स्थळे पुष्कळ सांगितली. पण जन्म गोठ्यालगत गेलेल्या माणसाची पावले तिकडेच वळणार! सेन व मार्न या नद्यांच्या संगमाजवळ आल्फोर येथे १७६६ सालापासून पशुवैद्यकाची शाळा चालू आहे. विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठी शाळेने तेव्हापासून जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय त्याच आवारात असून, बाहेरच्या लोकांस ते १९९१ पासून खुले झाले. तीन दालनांचाच कारभार, पण अर्धा दिवस आम्हांस पुरला नाही.

या विद्येचा आरंभ कसा झाला हे प्रथम सांगितले पाहिजे. लिओं शहरी क्लोद बूर्जला नावाचे गृहस्थ घोड्यावर बसण्याची शाळा चालवीत. त्यांचा सारा जीव घोड्यांत. परंतु त्या काळी युरोपात बुळकांडीने गोठेच्या गोठे ओस पडत होते, तेव्हा गुरांच्या साथींवर उपाय शोधण्याचे कार्य पुढे करून त्यांनी १७६१ साली पंधराव्या लुई राजाच्या दरबारातून शाळेची परवानगी मिळविली व १७६२ त वर्ग सुरू केले. पशुवैद्यकाची जगातील ही पहिली शाळा. आल्फोरची शाळा हे तिचेच दुसरे भावंड. म्हणजे घोड्याच्या भक्ताने काढलेल्या शाळेस निमित्त झाला तो बैल, हे आपण शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दालनांत जनावरांचे सांगाडे आहेत, घोड्यांच्या आतड्यांतून निघालेले खडे आहेत. पोटात गेलेल्या एखाद्या लहानशा कठीण कणाभोवती थरावर थर बसून असा खडा वाढत जातो. कित्येक तर नारळाशी स्पर्धा करतील. पोटशुळाने लोळणाऱ्या घोड्यास बाहेरची बाधा झाली असे म्हणणाऱ्यांनी ते एकवार पाहावेत. पुढे दोन तोंडांचे वासरू, दहा पायांची मेंढी आणि कपाळावर एकच मोठा डोळा असलेले शिंगरू. आपल्याकडे असे जनावर जगले तर त्याच्या अंगावर झूल घालून जत्रेजत्रेतून फिरवितात व पैसे गोळा करितात. तेथे ते काचेच्या कपाटात ठेवून, गर्भाची घडण कोठे चुकली हे विद्यार्थ्यास दाखवितात.

सर्वांत गर्दी शेवटच्या दालनात. ऑनोरे फ्रागोनार हा शाळेचा पहिला शरीरशास्त्राचा अध्यापक. मृत शरीराच्या रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून, कातडे सोलून, स्नायू व शिरा जशाच्या तशा वाळवून टिकविण्याची विद्या त्याने साधली होती. सोललेल्या घोड्यावर बसलेला सोललेला स्वार ही त्याची सर्वांत प्रसिद्ध कृती. घोड्याच्या मानेवरील शीर न् शीर दोनशेपन्नास वर्षांनंतरही मोजून घ्यावी. पाहून अंगावर काटा येतो, खोटे कशास सांगावे? १७७१ साली त्यास वेडा ठरवून शाळेतून काढून टाकले. त्याने केलेल्या सुमारे सातशे नमुन्यांपैकी आज एकवीसच उरले आहेत.

आम्ही मात्र बुळकांडी शोधीत होतो. हाड वाकविणाऱ्या रोगाचे हाड ठेविता येते, खडा कपाटात मांडता येतो. पण ताप, तोंडात चट्टे व हगवण लागून आठ-दहा दिवसांत जनावर आडवे करणाऱ्या रोगाचे कपाटात ठेवावे तरी काय?

त्या रोगाची पुढील हकीकत आपल्याच देशात घडली आहे. १८८९ साली पुण्यास जनावरांच्या रोगांचा शोध करणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली, ती १८९३ साली कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. १९२० नंतरच्या दशकात तेथे एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने रोगाचे विष एका शेळीतून दुसरीत असे अनेकवार नेऊन सौम्य केले व त्याची लस केली. पुढे याहून चांगल्या लसी आल्या. भारतात बुळकांडीचा शेवटचा प्रादुर्भाव १९९५ साली झाला, आणि २०११ साली हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. मनुष्याच्या देवीच्या रोगानंतर असा समूळ गेलेला हा दुसराच रोग.

एवढे सारे ठाऊक असूनही आम्ही काय केले, तेही सांगितले पाहिजे. २०२२ साली लंपी आली. शेळ्यांच्या देवीची लस या रोगावर गुरांस टोचीत होते. टोचणारे गावात आले त्या दिवशी आमच्या शेतात कोळपणी चालू होती. एक दिवस मोडू नये म्हणून आम्ही बैलजोडी घरी आणविली नाही. पुढल्या फेरीस पाहू, म्हटले. पुढली फेरी येण्यापूर्वीच उजव्या अंगाच्या बैलास गाठी उठल्या. उष्णता असेल म्हणून दोन दिवस घरचेच उपचार केले. तेराव्या दिवशी तो गेला.

आल्फोरहून परत आल्यावर आम्ही घरच्या हिशेबाच्या वहीत एक पान आखले. जनावर, तारीख, आणि तिसरा रकाना कारणाचा. पहिली नोंद त्या बैलाची आहे. कारणाच्या रकान्यात रोगाचे नाव लिहून त्यापुढे 'लस टोचून घेतली नाही' असेही लिहिले आहे.