‘तुंबाड’ मुलांना दाखवावा काय?

परवा एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, “चिरंजीवांना चौदावे लागले आहे. ‘तुंबाड’ पाहायचा म्हणून हट्ट धरून बसले आहेत. दाखवावा काय?” उत्तर तोंडावर होते, परंतु ते देताना आम्ही थोडे थबकलो. त्याचे कारण येथे सांगतो.

राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट 2018 च्या ऑक्टोबरात प्रदर्शित झाला आणि 2024 साली पुन्हा चित्रगृहांत आला. भाषा हिंदी असली तरी वातावरण अस्सल आपले आहे: पडका वाडा, न खळणारा पाऊस, पुण्यातले बिऱ्हाड. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून नाव घेतले असले तरी कथा त्या कादंबरीची नव्हे, हे जाणत्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. येथे भयकथाकार नारायण धारपांचे ऋण अधिक.

कथा 1918, 1933 आणि 1947 अशा तीन टप्प्यांत घडते. हस्तर नावाच्या देवपुत्राला सोने आणि धान्य दोन्ही हवे होते. सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून तो सदाचा भुकेला. त्याला कणकेच्या बाहुलीत गुंतवून विनायक त्याच्या मोहरा लुटतो. मुलांना एवढे मात्र आवर्जून सांगावे, की हा हस्तर कोणत्याही पुराणातला नाही; तो चित्रकर्त्यांनी रचलेला आहे. सनावळी खरी दिसली की मुले सारेच खरे धरून चालतात.

परीक्षण मंडळाने चित्रपटास ‘केवळ प्रौढांसाठी’ असा दाखला दिला. त्यामुळे अठरा वर्षांखालील मुलांना चित्रगृहाचे दार बंदच. प्रश्न उरतो तो घरच्या पडद्याचा, कारण तेथे दारवान आपणच.

कोणी म्हणेल, आम्ही नाही का लहानपणी पांघरुणात शिरून धारप वाचले? वाचले खरे. पण पुस्तकातले भूत वाचणाऱ्याच्या कल्पनेएवढेच मोठे होते. फार भय वाटले तर पान मिटता येई. पडद्यावरचे चित्र दुसऱ्याने पुरे करून दिलेले असते. साखळदंडात जखडलेली ती म्हातारी आणि पुढे तिची होणारी दशा ही दृश्ये तेरा-चौदाच्या मुलाच्या मनातून लवकर जाणार नाहीत. विनायकाचे घराबाहेरचे संबंधही त्या वयाला पचणारे नव्हेत.

तरीही आम्ही थबकलो, ते वेगळ्याच कारणाने. उत्तरार्धात विनायक आपल्या मुलाला, पांडुरंगाला, सोने लुटण्याची विद्या शिकवू लागतो. पांडुरंग साधारण आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांच्याच वयाचा. बाप मुलाला वारसा म्हणून लोभ देतो, आणि मुलगा तो बापाहून उत्साहाने उचलतो. या चित्रपटातले खरे भय हे आहे. राक्षस त्यापुढे काहीच नव्हे. शेवटी पांडुरंग काय करतो ते येथे सांगत नाही. पण सारे बोधामृत त्या एका क्षणात साठले आहे.

1947 नंतर आपल्यापैकी अनेकांच्या घरांतून वाडे, जमिनी, मानपान गेले. बडोदे संस्थान तर 1949 साली मुंबई राज्यात विलीन झाले. काय गेले याच्या गोष्टी आपण मुलांना हौसेने सांगतो. काय जाऊ द्यावे, हे क्वचितच सांगतो. म्हणून हा चित्रपट आमच्या मते मुलांआधी बापांनी पाहण्याजोगा आहे.

तेव्हा स्नेह्यांना आम्ही उत्तर दिले ते असे: “चौदाव्या वर्षी नको. आधी आपण एकट्याने पाहा. मुलाला नुसते ‘नाही’ म्हणू नका, का नाही ते सांगा. नाहीतर तो मित्राकडे जाऊन चोरून पाहील आणि एकटाच घाबरेल. अठरा पूर्ण झाली की दोघे शेजारी बसून पाहा, आणि संपल्यावर दिवा लावून थोडे बोला.”

स्नेही हसून म्हणाले, “बोलायचे काय?”

आम्ही म्हटले, “पांडुरंगाच्या जागी तू काय केले असतेस, एवढेच विचारा. मग तो तुम्हांला विनायकाबद्दल विचारील. त्याचे उत्तर मात्र आजपासून तयार ठेवा.”