शेणखत मुरले की नाही, गांडुळाला विचारा



गटात फिरताना एक तक्रार हमखास कानी येते. "साहेब, शेणखत दरसाल घालतो, तरी रानात गांडूळ दिसत नाही." मी विचारतो, खत कुठले? "उकिरड्याचे, परवाच ओढले." गोम इथेच आहे.

नोकरीच्या सुरुवातीला ही चूक मीही केली. एका सभासदाला लागणीची घाई होती. "असेल तसे खत सरीत घाला," असे सांगून मी मोकळा झालो. उगवण विरळ झाली. माती उकरली तर टिपरी काळी पडलेली आणि शेणाच्या थरालगत गांडुळे मेलेली. त्या भल्या माणसाने मला बोल लावला नाही. नांग्या भरायला मात्र मी त्याच्याबरोबर सरीत उभा राहिलो.

असे का होते? गांडुळाला फुप्फुस नाही. ते ओल्या कातडीतून श्वास घेते. ताज्या शेणाचा ढीग कुजू लागला की तापतो. त्याच्या पोटात उष्णता ५०-६० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. शेणामुतातून अमोनिया निघतो, त्यात क्षारही असतात. त्या नाजूक कातडीला यातले काहीच सोसत नाही. वाट मिळाली तर गांडूळ दूर सरकते, नाही तर मरते. कोंबडीखत तर याहून जहाल. शिवाय कच्च्या खताबरोबर हुमणी आणि तणाचे बी रानात येते ते वेगळेच.

मुरलेले खत मात्र गांडुळाचे अन्न. काहींना वाटते, गांडूळ उसाची मुळी खाते. तसे नाही. ते कुजका पालापाचोळा आणि माती खाते व कणीदार माती बाहेर टाकते. डार्विनसारख्या शास्त्रज्ञाने १८८१ साली गांडुळाच्या या कामावर अख्खे पुस्तक लिहिले. गांडुळाच्या बिळांतून पाणी मुरते, हवा खेळते. पाण्यावर पाणी देऊन आवळलेल्या आपल्या काळ्या रानाला नेमके हेच हवे आहे.

त्यासाठी एवढे करा :

१) खड्डा उंचवट्यावर, सावलीत घ्या. खोली तीन फुटांपर्यंत पुरे. शेण, गव्हाणीतली उष्टावळ, मुताने भिजलेली माती व पाचट थराथराने भरा. ओल ठेवा, वरून शेणमातीने लिंपा.

२) चार-पाच महिने मुरू द्या. मग लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळाने काढा. हाताला गरम लागली तर खत कच्चे. तयार खत काळसर, भुसभुशीत असते. त्याला शेणाचा नव्हे, मातीचा वास येतो.

३) एकरी दहा टनांच्या आसपास खत द्या. निम्मे नांगरटीत, निम्मे लागणीवेळी सरीत. रानात ढीग घालून उन्हात वाळवत ठेवू नका. पसराल त्याच दिवशी मातीआड करा.

४) खोडव्याचे पाचट पेटवू नका. ते गांडुळाचे छप्पर आणि भाकरी दोन्ही आहे.

काही सभासद गांडूळ खताच्या वाफ्यातली गांडुळे आणून उसात सोडतात. ती जात शेणात आणि पाल्यात राहणारी. नुसत्या मातीत ती टिकत नाही. रानातली गांडुळे वेगळी. ती विकत आणावी लागत नाहीत. ओल, सावली आणि मुरलेले खत मिळाले की हळूहळू वाढतात.

पावसाळ्यात वाफसा आल्यावर एक फूट लांब, रुंद व खोल माती काढा. गांडुळे मोजा, वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रान सुधारतेय म्हणून समजा. घटला तर गट ऑफिसला निरोप द्या; मी बांधावर येतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी