ऑटोक्रॉस : शर्यत घड्याळाशी

सातारा-सांगलीकडच्या माणसाला शर्यत म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. जत्रेतले बैलगाडीचे मैदान त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांत एका गटातल्या गाड्या आपापल्या चाकोरीतून एकदम सुटतात आणि जी आधी निशाणापाशी पोहोचते ती जिंकते. पुणे जिल्ह्यात, जुन्नर, आंबेगाव, खेड भागात पद्धत निराळी आहे. तिथे घाटात एका वेळी एकच गाडा धावतो. त्या धावेला बारी म्हणतात. बारी किती सेकंदांत झाली, एवढेच पाहिले जाते. मित्रहो, ज्या ऑटोक्रॉसविषयी आज बोलायचे आहे, तो म्हणजे मोटारीची बारीच.

युरोपात याच नावाच्या खेळात अनेक गाड्या एकदम धावतात. आपल्याकडे हौशी चालकांसाठी जो प्रकार रूढ आहे, त्यात गाडी घड्याळाशी झुंजते. एखादे मोठे मुरमाड मैदान घेतात. त्यावर शंकू, फिती किंवा जुने टायर मांडून वळणावळणाची वाट आखतात. सरळ पट्टा मुद्दामच आखूड ठेवतात. त्यामुळे बहुतेक वेळ गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गेअरवरच राहते आणि इंजिनाच्या ताकदीपेक्षा चालकाचे हात, पाय आणि डोळे यांची परीक्षा होते. शंकू पाडला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवतात. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब या खेळाला 'सोलो' म्हणतो. तिथे एका शंकूला दोन सेकंद असा हिशेब आहे. वाट चुकली तर ती फेरी बादच. इंजिनाच्या क्षमतेप्रमाणे गट पाडलेले असतात. त्यामुळे घरची साधी छोटी मोटार घेऊन आलेल्याची गाठ आपल्यासारख्यांशीच पडते. घड्याळाला चालक पुरुष आहे की स्त्री, नवखा आहे की मुरलेला, हे कळत नाही.

स्पर्धेचा दिवस सुरू होतो तो कागदपत्रांनी आणि गाडीच्या तपासणीने. बॅटरी घट्ट बसवली आहे का, ब्रेक नीट लागतो का, सीटचा पट्टा शाबूत आहे का, कुठून तेल गळते का, हे सारे पाहतात. स्टेपनी, जॅक, पाने, पाण्याची बाटली असे जे काही गाडीत सुटे असेल ते बाहेर काढायला लावतात, कारण जोराच्या वळणावर तीच वस्तू डोक्यात बसू शकते. हेल्मेट सक्तीचे. मग सर्वांना एकत्र बोलावून नियम सांगतात. लाल निशाण दिसले की थांबायचे, त्यात दुमत नाही. त्यानंतर वाट पायी फिरून पाहायची असते. नवखे लोक इथे कंटाळा करतात. जाणता चालक मात्र दोनदोनदा चालून येतो. मुरूम कुठे भुसभुशीत आहे, कोणते वळण पुढे जाऊन आवळत जाते, हे त्याला पायाखालीच कळते. प्रत्यक्ष फेरी मिनिट-दोन मिनिटांत आटोपते. बाकीचा दिवस दुसऱ्यांच्या फेऱ्या पाहण्यात आणि शिकण्यात जातो.

यात शिकायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे टायरची मर्यादा. मोटार जमिनीला टेकते ती चार टायरांच्या मिळून जेमतेम चार तळहातांएवढ्या जागेवर. तेवढ्याच पकडीतून वेग घ्यायचा, थांबायचे आणि वळायचेही. ढोबळमानाने असे समजा, की टायरच्या खिशात एकच रुपया आहे. त्यातला बहुतेक ब्रेकवर उधळला तर वळायला फार थोडे उरते. म्हणून वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबला, की स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत जाते. ब्रेक आधी, सरळ रेषेत, मग वळण, आणि वळण उलगडू लागले की हळूहळू वेग, हा क्रम मैदानावर अंगवळणी पडतो.

दुसरी गोष्ट वजनाची. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर येते आणि मागची चाके हलकी होतात. भर वळणात पाय एकदम उचलला तरी तेच होते आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. हे वाचून कळते, पण एकदा मैदानात अनुभवले की विसरत नाही.

तिसरी गोष्ट नजरेची. आपण पाहतो तिकडे हात वळतात. शंकूकडे टक लावली की गाडी शंकूवरच जाते. म्हणून या वळणावर असतानाच पुढच्या वळणाकडे पाहायचे.

चौथी गोष्ट एबीएसची. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा बंधनकारक झाली. जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली पेडल थरथरते. हा थरकाप पूर्वी कधी न अनुभवलेला चालक काहीतरी मोडले असे समजून नेमक्या वेळी पाय उचलतो. मैदानावर तो अनुभव सुरक्षितपणे घेता येतो. सुट्या मातीवर मात्र एबीएस असूनही थांबायला अंतर जास्त लागते, हेही तिथेच कळते.

आणि वेगाचे गणित. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबत असेल, तर ८० ला तिला ३६ मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात ८० च्या वेगाने २२ मीटर निघून गेलेले असतात. ज्याने मैदानात ३०-४० च्या वेगाला गाडी घसरताना पाहिली, तो खंबाटकीच्या उतारावर किंवा कऱ्हाडजवळच्या महामार्गावर वेग वाढवताना विचार करतो.

या खेळाची व्यवस्थाही आपल्याकडे आहे. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ सालची. देशभरातील मोटार क्रीडा क्लबांचा महासंघ १९७३ मध्ये स्थापन झाला. नाशिकला राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या आहेत. सांगलीपासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धा तिथे झाल्या आहेत. आपल्या दोन जिल्ह्यांतही गुण कमी नाही. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात सफाईने उलटा घेणारे चालक इथे आहेत. ट्रॉलीसह ट्रॅक्टर मागे घेण्याच्या स्पर्धा गावोगावी गर्दी खेचतात. गळीत हंगाम संपला की केनयार्ड रिकामे पडते. माण-खटावात आणि जतकडे मुरमाड माळ आहेत. परवानगी, जाणते पंच आणि वैद्यकीय सोय असेल तर अशा जागी हा खेळ रुजू शकतो.

पण 'असेल तर' हे शब्द महत्त्वाचे. बैलगाडी शर्यतींवर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. एवढी वर्षे मैदाने ओस पडली, तेव्हा नियमांची किंमत साऱ्यांना कळली. मोटारींच्या बाबतीत ती आधीच ओळखावी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा केल्यास वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणून पहिल्यांदा भाग घेणाऱ्याने नाव नोंदवण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. स्पर्धेला महासंघाची परवानगी आहे का? रुग्णवाहिका आणि आग विझवण्याची साधने शेवटची फेरी होईपर्यंत थांबणार आहेत का? प्रेक्षकांना वाटेपासून किती दूर आणि कशाच्या आड उभे करणार? आणि विमा कोणाचा? आपल्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यतीतले नुकसान सहसा धरलेले नसते, हे ध्यानात ठेवावे. यातल्या एकाही प्रश्नाला संयोजकांनी टोलवाटोलवी केली, तर गाडी तशीच घरी आणावी.

घरात तरणा मुलगा किंवा मुलगी असेल आणि गाडीच्या चावीवरून रोज कुरबूर होत असेल, तर नुसते 'हळू चालव' म्हणून भागत नाही. वेगाची ओढ त्या वयात असायचीच. तिला एखाद्या रविवारी हेल्मेट, शंकू आणि घड्याळ असलेले मैदान दाखवावे. तिथे शंकू पडला तर दोन-चार सेकंद जातात. रस्त्यावर त्या शंकूच्या जागी माणूस उभा असतो.