वाळवंटांतील चुनखडीची माती

पश्चिम राजस्थानांत, जोधपूर-नागौरच्या बाजूस, शेतांत हातभर खणलें तर बहुतेक ठिकाणीं वरची पिवळसर वाळू संपतां संपतां पांढऱ्या गुठळ्या लागूं लागतात. सुपारीएवढ्या, क्वचित् मुठीएवढ्या, ओबडधोबड. तिकडचे लोक त्यांस कंकर म्हणतात. आपल्याकडील काळ्या रानांत नांगराच्या फाळाला लागणारी चुनखडी ती हीच. ती भट्टींत भाजून, घाणींत मळून, तिच्या चुन्यानें आपल्या पूर्वजांनीं वाडे आणि घाट बांधले. तेव्हां हा पदार्थ श्रोत्यांना अपरिचित नाहीं. अपरिचित आहे ती त्याची जन्मकथा. आणि ज्या मातींत तो सांठतो तिला मृदाशास्त्रांत स्वतंत्र स्थान कां मिळालें, हें आज सांगावयाचें आहे.

कंकर, खडू, शिंपला आणि संगमरवर हीं दिसण्यांत कितीहि भिन्न असलीं तरी त्यांतील मुख्य द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट. शुद्ध पाण्यांत तें जवळजवळ विरघळत नाहीं. पण पावसाचें पाणी जमिनींत शिरलें म्हणजे शुद्ध राहत नाहीं. झाडांचीं मुळें आणि मातींतील सूक्ष्म जीव श्वासोच्छ्वास करतात. त्यांनीं टाकलेला कर्बाम्ल वायु, म्हणजे आपण उच्छ्वासावाटे बाहेर टाकतों तोच, मातीच्या पोकळ्यांत बाहेरच्या हवेपेक्षां कितीतरी अधिक सांठलेला असतो. तो पाण्यांत मुरला कीं पाणी किंचित् आंबट होतें. सोड्याच्या बाटलींतील पाण्याचाच हा सौम्य प्रकार म्हणा ना! असें पाणी चुना विरघळवून आपल्याबरोबर खालीं नेतें. पुढें तें मुळांनीं शोषलें, किंवा उन्हानें उडून गेलें, आणि वायु निसटला, कीं चुना होता तसा घनरूप होऊन तेथेंच बसतो.

आतां सारा प्रश्न असा, कीं पाणी पोंचतें किती खोल? कोंकणांत पाऊस इतका पडतो, कीं पाणी मातींतून आरपार जाऊन झऱ्यांना व नद्यांना मिळतें आणि चुना त्याजबरोबर समुद्रास जातो. म्हणून रत्नागिरीच्या जांभ्यावरील मातींत तो नांवालाहि सांपडत नाहीं आणि ती माती आम्ल असते. मारवाडच्या वाळवंटांत पश्चिमेस वर्षाला 15 सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस, आणि अरवलीकडे 40 च्या वर. तेथें पाणी हात-दोन हात उतरतें आणि वाटेंतच संपतें. जेथें संपतें तेथें तें आपला चुना ठेवून जातें. हान्स जेनी या मृदाशास्त्रज्ञानें 1934 मध्यें एका सहकाऱ्यासह अमेरिकेच्या मध्यभागांतील गवताळ मैदानांवर हीच गोष्ट मोजून दाखविली. पूर्वेकडे जसजसा पाऊस वाढत जातो, तसतसा चुन्याचा थर जमिनींत खोल खोल जातो. पर्जन्यमापक यंत्र ज्या प्रदेशांत कधीं बसलें नाहीं, तेथील पावसाचा अंदाज असा फावड्यानें करतां येतो.

थराची खोली पाऊस सांगते. पण त्याची जाडी आणि कठीणपणा वय सांगतात. हें उलगडण्याचें श्रेय न्यू मेक्सिकोंतील लास क्रूसेस गांवाभोवतीं चाललेल्या एका दीर्घ पाहणीकडे जातें. वर्षाला 20-22 सेंटिमीटर पावसाच्या त्या ओसाड मुलुखांत 1957 पासून मृदाशास्त्रज्ञ आणि भूशास्त्रज्ञ खड्ड्यामागून खड्डे घेत होते. त्यांपैकीं गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनीं 1966 मध्यें चुना सांठण्याच्या चार अवस्था मांडल्या. पहिल्या अवस्थेंत गोट्यांवर चुन्याचा पातळसा लेप चढतो. माती बारीक असेल तर तींत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतु दिसतात. दुसऱ्या अवस्थेंत लेप जाड होऊन गोट्यांमधल्या फटी कोठें कोठें भरूं लागतात. बारीक मातींत गुठळ्या बनतात. तिसऱ्या अवस्थेंत सगळ्या फटी बुजून थर एकसंध होतो. मग पाण्याला खालीं वाट उरत नाहीं. तें त्या बुजलेल्या थरावर तुंबतें आणि तेथेंच सुकतें. त्यामुळें माथ्यावर पापुद्र्यावर पापुद्रा चढत जाऊन शेवटीं फरशीसारखा चुनखडक तयार होतो. ही चौथी अवस्था. पुढें इतरांनीं तींत आणखी दोन जोडल्या. पहिल्या अवस्थेला कांहीं हजार वर्षें पुरतात, चौथीला लक्षावधि. खडीच्या जमिनींत हें काम लौकर उरकतें, कारण भरावयाची पोकळीच तेथें थोडी.

येथें एक शंका कोणासहि येईल. खालच्या खडकांत चुना फारसा नसतांना एवढा सांठा आला कोठून? न्यू मेक्सिकोंत ज्या गोट्यांत कॅल्शियम अगदीं अल्प, त्या गोट्यांच्या जमिनीहि चुन्यानें भरलेल्या आढळल्या. तेव्हां त्या मंडळींनीं उघड्यावर धूळ पकडण्याचीं पात्रें ठेवून वर्षानुवर्षें धूळ तोलली. उत्तर वाऱ्यांत होतें. उडत्या धुळींतील चुना आणि पावसांत विरघळलेलें कॅल्शियम हाच मुख्य पुरवठा. खडक झिजून माती होते, एवढेंच आपण शाळेंत शिकलों. वाळवंटांत माती वरूनहि पडते.

आपल्या देशांत या इतिहासाचें एक उत्तम पान नागौर जिल्ह्यांत डीडवाण्याजवळ उघडलें गेलें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील वी. ना. मिश्र आणि शरद राजगुरू यांनीं तेथील एका जुन्या वाळूच्या टेकाडांत सुमारे 18 मीटर खोल चर खणला. त्यांत वाळू आणि कंकराचे थर आलटून पालटून लागले, आणि त्यांतच अश्मयुगीन माणसाचीं दगडी हत्यारें मिळालीं. वाळूच्या कणानें सूर्यप्रकाश शेवटचा केव्हां पाहिला हें ओळखण्याची युक्ति पुढें सांपडली. तिनें या टेकाडाची कथा सुमारे 2 लक्ष वर्षांपर्यंत मागें नेली. वाळू सांचत होती तेव्हां वारा प्रबळ होता. कंकर धरले तेव्हां टेकाड स्थिर होऊन त्यावर झाडोरा होता. मरुभूमि नेहमींच आजच्यासारखी होती, असें मानणाऱ्यांनीं हा चर अवश्य ध्यानांत घ्यावा.

अशा मातीचें वर्गीकरण करतांना शास्त्रज्ञांची मतें बरीच पालटलीं. 1920 नंतरच्या दशकांत अमेरिकेंत मार्बट यांनीं परिपक्व मातीचे दोनच मोठे भाग केले: चुना सांठविणाऱ्या आणि न सांठविणाऱ्या. आपल्या भाषेंत मारवाड एकीकडे, कोंकण दुसरीकडे. विभागणी सुबक खरी. पण तींत गवताळ प्रदेशाची सुपीक काळी माती आणि वाळवंटाची रुक्ष माती एकाच घरांत नांदूं लागल्या. म्हणून 1960 नंतर पुढें आलेल्या पद्धतींत कोरडेपणाला पहिला मान मिळाला. कोरड्या प्रदेशांतील मातींचा गण ॲरिडिसोल, आणि त्यांत चुन्याच्या थरानें ओळखली जाणारी ती कॅल्सिड; लॅटिन भाषेंत चुन्याला कॅल्क्स म्हणतात, त्यावरून हें नांव. 1975 च्या ग्रंथांत या मातीला तिसऱ्या पायरीवर जागा होती. 1990 नंतरच्या दशकांत ती दुसरीवर आली. थर चुन्याचा म्हणावयाचा तर तो सामान्यतः निदान 15 सेंटिमीटर जाड हवा, त्यांत शेंकडा 15 तरी चुना हवा, आणि खालच्या मातीपेक्षां तो स्पष्ट अधिक हवा. वाळूसर मातीला या अटींत सवलत आहे. थर पाण्यांत भिजूनहि न फुटणारा, दगडासारखा असेल तर ती पेट्रोकॅल्सिड. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या नकाशांत 1988 पासून अशा मातीस कॅल्सिसोल म्हणतात. आपल्याकडील मृदा-सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपुरास आहे, आणि तीहि अमेरिकन पद्धतीच वापरते. मात्र चुनखडी दिसली कीं कॅल्सिड, असें समजूं नये. सोलापूर-नगरच्या काळ्या मातींत चुनखडी भरपूर, पण तिचा प्रधान गुण भेगाळणें हा. म्हणून ती व्हर्टिसोल या निराळ्या गणांत जाते.

नांवाच्या या खटाटोपानें शेतकऱ्याचें काय भलें होणार? पुष्कळ. चुनखडीची जमीन आणि चोपण जमीन या दोन्ही अल्कधर्मी, पण त्यांचे रोग वेगळे. चोपणांत सोडियमचें वर्चस्व असतें. तेथें जिप्सम घातल्यास त्यांतील कॅल्शियम सोडियमला हुसकतें. जी माती कॅल्शियमनें आधींच भरलेली, तिच्यावर जिप्समच्या गोण्या ओतणें म्हणजे पैसा मातींत घालणें. चुनखडीच्या मातीचा सामू सहसा साडेआठाच्या वर जात नाहीं. गेला तर सोडियमचा संशय घ्यावा. आम्लानें चुना मारावा, हा विचारहि मनांतून काढलेला बरा. एका एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचें वजन सुमारे 9 लक्ष किलो. त्यांत शेंकडा 15 चुना धरला तर तो शंभर टनांहून अधिक होतो, आणि त्याला जवळजवळ तितकेंच गंधकाम्ल लागेल!

चुना स्वतः विषारी नाहीं. तो इतरांना अडवितो. सुपर फॉस्फेटमधील स्फुरद त्याच्याशीं बद्ध होऊन मुळांस दुर्मिळ होतें. लोह आणि जस्त मातींत असूनहि विरघळत नाहींत. मग कोंवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ऊसवाले यालाच केवडा म्हणतात. अशा जागीं स्फुरद सगळीकडे न फेंकतां बियाण्याच्या ओळीलगत द्यावें, शेणखत सढळ हातानें घालावें, आणि पिवळेपणा दिसतांच हिराकशीचें सौम्य द्रावण पानांवर फवारावें. मातींत टाकलेली हिराकस फार लौकर निकामी होते.

पाणी देण्यापूर्वीं मात्र खालचा थर पाहिलाच पाहिजे. 1958 मध्यें काम सुरू झालेल्या राजस्थान कालव्याच्या, म्हणजे आजच्या इंदिरा गांधी कालव्याच्या, लाभक्षेत्रांत कित्येक ठिकाणीं खालीं असे कठीण थर होते. वर पाणी आलें, खालीं निचरा नव्हता, आणि कोरड्या वाळवंटांत दलदल माजली. पुरुषभर खोल खड्डा घ्यावा. त्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकीत जावें. जेथें फेंस उसळतो तेथें चुना. तेथील सुका ढेकूळ काढून रात्रभर पाण्यांत ठेवावा. सकाळीं तो विरघळून चिखल झाला असेल तर मुळें त्यांतून वाट काढतील. जसाच्या तसा राहिला तर कालव्याचें पाणी घेण्याआधीं निचऱ्याचे चर खणावे.